बाहेर गेल्यावर बाळाची चोखणी हरवते, खाली पडते: काय करावं?

नागपूरच्या मनीष नगरमधल्या एका आईचा प्रश्न आहे. बाळ पाच महिन्यांचं. दर रविवारी महालात माहेरी जाणं होतं, मधेमधे लसीकरण आणि बाजार, आणि पुढच्या महिन्यात वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये दिराचं लग्न आहे. घराबाहेर पडलं की चोखणी (पॅसिफायर) पडते नाहीतर हरवते, मग बाळ रडतं आणि सगळ्यांची शोधाशोध सुरू होते. सासूबाईंनी उपाय म्हणून चोखणी काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात घातली आहे. आईने तीन गोष्टी विचारल्यात: दोरा चालेल की बाजारात मिळते ती क्लिपची पट्टी घ्यावी? खाली पडलेली चोखणी बाहेर असताना साफ कशी करायची? आणि सोबत किती ठेवायच्या?

मी लहान बाळांच्या वॉर्डात अनेक वर्षं परिचारिका म्हणून काम केलं आणि आता नव्या आयांना स्तनपान आणि बाळाची निगा यांबद्दल सल्ला देते. आधी दोऱ्याचं बोलते, कारण ते काम आजच व्हायला हवं.

दोरा काढा. उद्या नाही, हे वाचता वाचता उठून काढा. पाच महिन्यांच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मान नुकती धरू लागलेली असते आणि श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते. गळ्यातला दोरा पाळण्याच्या कडीत, खुर्चीच्या मुठीत, गाडीतल्या पट्ट्याच्या बकलमध्ये, कडेवर असताना एखाद्या मावशीच्या बांगडीतसुद्धा अडकू शकतो. मोठं माणूस अशा वेळी मान वळवून किंवा दोरा धरून स्वतःला सोडवतं. बाळाला ते जमत नाही. त्यात खाली लोंबणारी चोखणीच अडसर होते, कारण तिची कडी पाळण्याच्या दोन गजांमध्ये आडवी बसली की दोरा मागे सरकत नाही. गळा आवळला गेला की आवाज निघत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे मिळणारा काळा दोरा बहुतेक वेळा नायलॉनचा, बारीक आणि पक्का असतो. तो ओढला तरी तुटत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून चोखणीच्या पाकिटावर ‘बाळाच्या गळ्यात बांधू नका’ अशी सूचना छापणं सक्तीचं आहे. अशा दुर्घटना घडल्या, म्हणूनच तो नियम आला.

सासूबाईंना हे सांगताना त्यांचा हेतू आधी मान्य करा. चोखणी धुळीत पडू नये, लेकराला पुन्हा मिळावी, एवढंच त्यांच्या मनात आहे आणि ते बरोबरच आहे. ‘आई, चोखणी हरवणार नाही याची सोय मी करते, फक्त गळ्यात काही नको’ असं म्हणा आणि खाली सांगते ती कापडी पट्टी त्यांच्याकडूनच शिवून घ्या. दृष्टीचा काळा दोरा घालायचाच असेल तर तो पायात घाला. पायाला रुतणार नाही आणि लोंबणारही नाही, इतपतच ठेवा, बाळ वाढतं तसा बदला आणि त्याला मणी, ताईत, चोखणी असं काहीही अडकवू नका. सेफ्टी पिनने चोखणी झबल्याला टाचणारेही बरेच जण असतात. पिन उघडली की ती बाळाच्या छातीत नाहीतर तोंडात, म्हणून पिनही नको.

आता हरवण्याकडे येते. आयांना वाटतं, बाळ चोखणी थुंकतं म्हणून ती हरवते. थुंकतं हे खरं, पण थुंकलेली चोखणी तिथेच खाली पडलेली असते, ती सापडते. हरवते ती बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. तुमच्या माहेरचंच बघा. दार उघडल्या उघडल्या मावशी बाळ घेते. तोंड नीट दिसावं, हसवता यावं म्हणून ती चोखणी काढते आणि डाव्या मुठीत धरते. आजोबा हात पुढे करतात, बाळ त्यांच्याकडे जातं, चोखणी मात्र मावशीच्या मुठीतच राहते. तेवढ्यात तर्री-पोह्यांची प्लेट येते. प्लेट घ्यायला हात रिकामा हवा, म्हणून चोखणी सोफ्याच्या हातावर जाते आणि कुणीतरी टेकल्यावर गादीच्या फटीत. अर्ध्या तासाने बाळ कुरकुरतं आणि आजी ओरडते, ‘काहून रडवून राह्यले लेकराले? द्या ना त्याची चुसनी!’ मग सगळे एकमेकांकडे बघतात. मावशीला वाटतं आजोबांकडे आहे, आजोबांना वाटतं बाळाच्या आईकडे, आणि तुम्ही स्वयंपाकघरात असता.

म्हणून मी आयांना एक नियम घालून देते आणि तो घरच्या सगळ्यांना सांगायला लावते: चोखणीच्या जागा दोनच, बाळाचं तोंड किंवा डबी. तोंडातून जो काढेल त्यानेच ती डबीत ठेवायची. हात, खिसा, पदर, सोफा, उशी, स्कूटरचा हूक यांतली एकही जागा चालणार नाही. डबी म्हणजे घट्ट झाकणाची, हाताच्या मुठीत मावणारी प्लॅस्टिकची किंवा स्टीलची छोटी डबी. तीही बॅगेच्या पोटात डायपर आणि दुपट्यांच्या खाली नको. बॅगेच्या बाहेरच्या एकाच कप्प्यात, नेहमी त्याच बाजूला ठेवा. रात्री अंधारात हात घातला तरी मिळाली पाहिजे. बाळ कुणाच्या हातात देताना तोंडाने म्हणा, ‘चोखणी डबीत आहे’ किंवा ‘चोखणी तोंडात आहे’. ऐकायला फार साधं वाटतं. पण मी बघितलेल्या घरांत महागड्या पट्टीपेक्षा या एका वाक्याने जास्त काम केलं आहे.

यामागे माझं एक मत आहे, ते उघड सांगते. बाहेर असताना बाळाच्या तोंडात चोखणी सतत असू नये. कडेवर मजेत बघत बसलेल्या, हसणाऱ्या, हाताने काहीतरी पकडू पाहणाऱ्या बाळाला चोखणी लागत नाही. आपण ती देऊन ठेवतो, कारण रडेल या भीतीने आपल्यालाच धीर हवा असतो. तोंडात वेळ कमी गेला की पडण्याची आणि हरवण्याची वेळही कमी येते. पाच महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते ओढतं, चोखणी स्वतःच काढून फेकतं आणि ती परत तोंडात घालणं बहुतेक बाळांना अजून जमत नाही. त्यामुळे पुढचे दोन-तीन महिने हे चालणारच, त्यात बाळाचा हट्ट शोधू नका.

पट्टी घ्यावी का? घ्या, पण पट्टी बघून घ्या. सीताबर्डीच्या मेन रोडवर हातगाडीपासून मोठ्या दुकानापर्यंत पन्नास प्रकार टांगलेले दिसतात आणि त्यातले दिसायला सर्वांत गोड तेच बहुतेक वेळा टाकाऊ असतात. युरोपात चोखणीच्या पट्टीसाठी वेगळं मानक आहे. त्यानुसार पट्टीची लांबी 220 मिमीपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे 22 सेंमी. घरातली शाळेची पट्टी घ्या आणि मोजा. यापेक्षा लांब पट्टी बाळाच्या मानेभोवती फिरू शकते. इलॅस्टिकची पट्टी मोजताना 18 सेंमी भरेल आणि ओढल्यावर 35, म्हणून इलॅस्टिक नकोच. लाकडी किंवा सिलिकॉनच्या मण्यांच्या माळा हल्ली फार दिसतात. आतली दोरी झिजून तुटली की एकेक मणी सरळ बाळाच्या घशात जाण्याच्या मापाचा असतो. घुंगरू, आरसा, छोटं खेळणं लोंबणारीही नको. चिमटा प्लॅस्टिकचा असो वा धातूचा, त्याच्या दातांवर बोट फिरवा. टोचला तर बाळालाही टोचेल. धातूचा असेल तर नागपूरच्या घामात तो गंजतो का यावर लक्ष ठेवा.

घरी शिवलेली पट्टी उत्तम होते. साधारण इंचभर रुंद सुती नाडपट्टी घ्या, दुहेरी करून कडेने शिवण घाला. एका टोकाला चोखणीच्या कडीतून ओवून बंद होणारं टिचबटण, दुसऱ्या टोकाला चिमटा, आणि हे सगळं धरून 22 सेंमीच्या आत. बटण शिवून बसवण्यापेक्षा टेलरकडून मशीनने ठोकून घ्या. सुटं झालेलं बटण बाळाच्या तोंडात जाण्याइतकंच असतं. इतवारीत नाडपट्टी आणि टिचबटण दोन्ही मिळतं, तिथल्या अल्टरेशनवाल्याकडे बसल्या बसल्या काम होतं. तयार झाली की चिमटा एका हातात, चोखणी दुसऱ्या हातात धरून जोरात हिसका द्या. काही सैल झालं, शिवण उसवली तर ती वापरू नका. पट्टी आठवड्यातून एक-दोनदा धुवा, कारण चोखणी पाण्यात उकळायची आणि लाळेने भिजलेली पट्टी तशीच लावायची, याला काही अर्थ नाही.

चिमटा कुठे लावायचा यात बहुतेकांची गल्लत होते. गळ्याच्या काठाला लावू नका. छातीच्या मधोमध किंवा थोडा खाली, कापडाचे दोन थर पकडून लावा. झबलं मलमलीचं पातळ असेल तर एका थराला लावलेला चिमटा सरकतो आणि झबलं वर ओढलं जातं. पाठीवर नाड्या असलेल्या झबल्याला मागून लावण्याचा विचारही नको. पट्टी बाळाच्या कपड्यालाच लावायची. प्रॅमच्या दांड्याला, खुर्चीला, तुमच्या ओढणीला नाही. बाळाला उचललं की त्या पट्टीला हिसका बसतो.

आणि पट्टी फक्त बाळ जागं असताना आणि डोळ्यांसमोर असताना. झोप लागली की पट्टी काढायची. पाळण्यात, झोळीत, गाडीतल्या बेबी सीटवर बाळ झोपलं आणि तुम्ही पुढे बसलात, तरी काढायची. झोपताना नुसती चोखणी तोंडात असली तर हरकत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर झोपेच्या वेळी चोखणी द्यावी असंच सुचवते, कारण चोखणीने झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होताना दिसला आहे. मात्र त्या चोखणीला दोरा, पट्टी, खेळणं काही लावलेलं नको, आणि झोपेत ती पडली तर पुन्हा तोंडात कोंबायची गरज नाही. कांगारू बॅगेत बाळ तुमच्या छातीला टेकलेलं असताना मी पट्टी लावू देत नाही. चिमटा बाळाच्या आणि तुमच्या मध्ये दाबला जातो आणि बाळाच्या छातीवर वळ उठतो. तिथे बाळाचं तोंड तुमच्या हनुवटीखालीच असतं, चोखणी पडताना कळते.

आता पडलेल्या चोखणीचं. बाहेर असताना साफ करत बसू नका, बदला. यासाठी सोबत तीन चोखण्या पुरतात: एक वापरात, एक डबीत, आणि एक वेगळ्या स्वच्छ पिशवीत घट्ट बंद करून बॅगेच्या तळाशी, सगळं बिनसलं तर काढायला. याहून जास्त नेल्या की कुठली उकळलेली, कुठली पडलेली याचा हिशेब राहत नाही. पडलेलीसाठी वेगळी झिपची पिशवी ठेवा, शक्यतो रंगीत, म्हणजे घाईत गोंधळ होणार नाही. एकदा त्या पिशवीत गेलेली चोखणी घरी उकळल्याशिवाय बाहेर यायची नाही. दवाखान्याची फरशी, रेल्वे स्टेशन, बाजारातला रस्ता, मंदिराच्या पायऱ्या इथे पडली तर यात सूट देऊ नका. आपल्या शहरात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाऊन थुंकणारे कुठे थुंकतील याचा नेम नाही, आणि वाळलेली थुंकी डोळ्यांना दिसत नाही.

पदराला पुसणं, फुंकर मारणं याने धूळ जाते, जंतू जात नाहीत. हाताचं सॅनिटायझर चोखणीला चोळू नका, त्यातला अल्कोहोल आणि सुगंध बाळाच्या तोंडात जातो. ओल्या वाइप्सही अंग पुसायला असतात, तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी नसतात. एकच चोखणी उरली, ती घरातल्याच स्वच्छ चादरीवर किंवा तुमच्या मांडीवर पडली असेल, तर उकळून थंड केलेल्या पाण्याने नीट धुऊन देता येते. त्यासाठी एक छोटी बाटली बॅगेत ठेवा. हे पाणी चोखणी धुवायला आहे, बाळाला पाजायला नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, मे महिन्यातही नको.

आपल्या तोंडात घालून चोखून देणं ही सवय फार जुनी आणि फार पसरलेली आहे. 2013 साली स्वीडनमध्ये 184 बाळांवर एक अभ्यास झाला. त्यात ज्यांचे आईवडील चोखणी स्वतः चोखून देत, त्या बाळांना दीड वर्षाच्या वयात एक्झिमा (त्वचेचा खाजरा विकार) कमी आढळला, आणि त्या बातमीच्या आधारे ही सवय चांगलीच असं सांगणारे भेटतात. एवढ्याशा अभ्यासावरून मी कुणालाही हा सल्ला देणार नाही. मोठ्यांच्या तोंडातले दात किडवणारे जंतू लाळेतून बाळाकडे जातात, ओठावर हर्पीसचे फोड उठले असतील तर तो संसर्गही जातो, आणि आपल्या घरांत बाळ घेणाऱ्यांपैकी कुणीतरी तंबाखू किंवा खर्रा खाणारं असतंच. त्या तोंडातली चोखणी बाळाच्या तोंडात जायला नको. मध, साखर, गुळाचं पाणी लावून देणं तर बंदच करा. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार होतं. त्याने बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासावरही येतं. चाटण म्हणून, बोटाला लावून, कसाही मध नको.

घरी आल्यावर सगळ्या वापरलेल्या चोखण्या साबणाने धुवा आणि पाण्यात पूर्ण बुडवून 5 मिनिटं उकळा. बाहेर काढून बोंडीत, म्हणजे चोखायच्या मऊ टोकात, शिरलेलं पाणी दाबून काढा, स्वच्छ कपड्यावर उलट्या वाळत ठेवा. पूर्ण वाळल्यावरच डबीत. पावसाळ्यात हे विशेष सांभाळा. ओली चोखणी बंद डबीत दोन दिवस राहिली की काळे ठिपके दिसतात, ती बुरशी आहे आणि ती चोखणी फेकायची. बाळ सहा महिन्यांचं झालं, जमिनीवर लोळून सगळं तोंडात घालू लागलं की रोज उकळण्याची गरज राहत नाही, साबण आणि गरम पाणी पुरतं. पाच महिन्यांच्या बाळासाठी मात्र उकळाच.

नागपूरचं ऊन हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. डिक्कीत ठेवलेली चोखणी तासाभराने हातात घेऊन बघा, प्लॅस्टिक चटका देतं आणि पेट्रोलचा वास लागलेला असतो. लॅटेक्सची पिवळट चोखणी उन्हाने आणि उष्णतेने लवकर चिकट होते, तडकते. म्हणून इथल्या हवेला पारदर्शक सिलिकॉनचीच घ्या. कुठलीही असली तरी बाळाला देण्याआधी बोंडी चारही बाजूंनी ओढून बघा. चीर, भोक, चिकटपणा, रंग बदललेला दिसला तर टाका. नाहीतरीही महिना-दोन महिन्यांनी नवी घेणं बरं. दात येऊ लागल्यावर तर रोज ओढून बघा, कारण दाताने कातरलेला तुकडा सुटून घशात जाऊ शकतो.

उन्हातली आणखी एक गोष्ट चोखणीपेक्षाही महत्त्वाची आहे. बाहेर रडणाऱ्या बाळाला चोखणी दिली की ते थोडा वेळ गप्प होतं, आणि त्यात त्याची भूक-तहान झाकली जाते. उन्हाळ्यात आधी अंगावर घ्या, मग चोखणीचा विचार करा. लघवी नेहमीपेक्षा कमी होत असेल, गडद पिवळी होत असेल, तोंड कोरडं पडलं असेल, बाळ मलूल वाटत असेल तर दूध वारंवार पाजा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

स्कूटरवर मधे बाळ घेऊन जाताना चोखणी देऊ नका, ती डबीत असू द्या. वाऱ्याने, खड्ड्यातल्या धक्क्याने ती पडते, आणि पडली की मागे बसलेली आई वळून बघते, पुढचा ब्रेक दाबतो. व्हरायटी चौकात किंवा अजनीच्या पुलावर असं एकदम थांबणं किती धोक्याचं आहे ते सांगायला नको. पडली तर जाऊ द्या. खरं तर एवढ्या लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नये असं माझं म्हणणं आहे, आणि तुमच्या वाटेवर सोय आहे. जयप्रकाश नगर किंवा उज्ज्वल नगरहून मेट्रो घ्या, सीताबर्डीला गाडी बदला, चितार ओळी चौकात उतरा, पुढे महालासाठी ऑटो. आत थंडावा असतो, बाळ मांडीवर राहतं. सीताबर्डीच्या बदलात जिने, गर्दी आणि बाळ एकाच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर जाणं हे सगळं एकदम होतं. म्हणून गाडीतून उतरण्याआधीच बसल्या जागी चोखणी डबीत टाका. सरकत्या जिन्यावर काही पडलं तर वाकून उचलू नका.

लग्नाच्या लॉनसाठी वेगळी तयारी करा. संध्याकाळची वेळ, हिरवळ, अंधुक दिवे आणि बाळ घेणारे वीस हात. तिथे पांढरी किंवा हिरवी चोखणी हिरवळीत पडली की गेलीच. मागची चकती पिवळी, नारिंगी, भडक लाल असेल अशी न्या. लग्नात अजून दोन-तीन तान्ही असणार आणि चोखण्या सगळ्या सारख्याच दिसतात. डबीवर आणि पट्टीवर तुमची ओळखीची खूण करा. चोखणीवर मात्र स्टिकर, रंग, नेलपॉलिश काही लावू नका. घरातली एकच व्यक्ती नेमा, जिच्याकडे डबी राहील. ती आईच असली पाहिजे असं नाही. तुम्ही त्या दिवशी वहिनी म्हणून स्टेजवर असाल, पाहुण्यांत असाल. तुमची बहीण किंवा सासूबाई, जी बाळाच्या आसपास राहणार तिच्या पर्समध्ये डबी द्या आणि पट्टी कधी काढायची हे तिला आधी दाखवून ठेवा. डीजे लागला की बाळ दूर न्या. त्या आवाजावर चोखणी हा उपाय नाही, लांब जाणं हाच आहे.

चोखणी घेताना एवढं बघा: सगळी एकसंध असावी, मागची चकती बाळाच्या तोंडापेक्षा रुंद असावी आणि तिला हवेसाठी किमान दोन भोकं असावीत, म्हणजे चुकून तोंडात ओढली गेली तरी श्वास चालू राहतो आणि बोट घालून काढता येते. पाकीटबंद, बनवणाऱ्याचं नाव आणि वयाचा गट छापलेली घ्या. शिट्टी वाजणारी, लाइट लागणारी, आत जेल भरलेली नको. बाटलीच्या बुचात कापूस भरून किंवा बुचावर टेप गुंडाळून केलेली चोखणी अजूनही दिसते. ती तर अजिबात नको, बुच सुटून घशात जातं.

तुम्ही विचारलं नाही, तरी पुढच्या महिन्याचं सांगून ठेवते. बाळ सहा महिन्यांचं झालं की चोखणी झोपेपुरतीच ठेवायला लागा. त्या वयानंतर दिवसभर चोखणी घेणाऱ्या बाळांना कानाचा संसर्ग जास्त होतो, आणि दोन-तीन वर्षांपर्यंत सवय राहिली तर पुढचे दात पुढे येतात. अजून ज्यांचं बाळ तीन-चार आठवड्यांचंही झालेलं नाही आणि अंगावर नीट पीत नाही, त्यांनी आधी स्तनपान बसू द्यावं, चोखणी नंतर.

बोंडीचा तुकडा गायब दिसला आणि बाळ ठसकत असेल, आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने 5 थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी 5 वेळा दाबा, पुन्हा थापा, आणि शेजारच्याला 108 लावायला सांगा. दिसत नसलेला तुकडा काढायला घशात बोट घालू नका. बाळ ठीक असेल पण तुकडा सापडतच नसेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि तिन्ही चोखण्या खरोखरच गेल्या, रात्रीचे दहा वाजलेत, दुकानं बंद, असं झालं तर कुणाला शहरभर पळवू नका. बाळाला अंगावर घ्या, मग उभं धरून खांद्यावर थोपटत खोलीभर फिरा, दिवे मंद करा, पातळ सुती दुपट्यात सैलसर धरा. तुमचं स्वच्छ धुतलेलं करंगळीचं बोट, नख कापलेलं, नखाची बाजू जिभेकडे करून थोडा वेळ चोखू दिलं तरी चालतं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं जड जातील. मग बहुतेक बाळं झोपतात. दुसऱ्या दिवशी नवी आणल्यावर आधी उकळा, मगच द्या.